कूलरमध्ये ओतलेलं पाणी

सरांनी माझ्या हातातला ग्लास घेतला आणि कूलरमध्ये ओतला.

फेकला नाही. त्या वर्षी लातुरात पाणी कुणी फेकत नव्हतं. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, तोंड धुतलेलं पाणी बादलीत धरायचं, असे दिवस. म्हणून सर उठले, कूलरच्या बाजूची ताटी सरकवली आणि ग्लासभर पाणी आत सोडलं. शांतपणे, कुंडीला घालावं तसं. रिकामा ग्लास खिडकीत पालथा ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाले, "थांबा शेठ, माझ्या घरच्या फिरकीच्या तांब्यातलं देतो. हे याच्या वस्तीतलं आहे."

शेठ म्हणजे एका डाळ मिलचे मालक. संगणक नावाचं यंत्र कसं असतं ते बघायला आमच्या क्लासात आले होते. चपला बाहेर काढून गालिच्यावर पाय आखडून बसले होते. पाणी त्यांनीच मागितलं होतं. कुणाकडं असं नाही, हवेत. "पाणी आहे का रे?" मी दाराजवळ होतो. कॅनमधून ग्लास भरला, खालून दुसरा हात लावून पुढं केला, आईनं शिकवलं तसा. शेठचा हात निम्म्यापर्यंत आला होता. सरांचं बोलणं ऐकून तो परत मांडीवर गेला.

खोलीत आम्ही सगळी पोरं. कूलर तेवढा घरघरत होता.

आणि मी काय केलं? मी विनोद केला.

"त्याला बी तहान लागली असंल, सर," मी कूलरकडं हात करून म्हणालो. वर नक्कलही केली. गाल फुगवले, पंख्यासारखी मान फिरवली, घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज काढला. मला येतं ते, लहानपणापासून. शाळेतल्या मास्तरांची, एस.टी.च्या कंडक्टरची, लग्नात रुसलेल्या नवरदेवाची नक्कल करून मी माणसं लोळवलेली आहेत. सगळे हसले. शेठ हसले. सर हसले आणि मोकळे झाले. "अवली आहे," म्हणाले.

ग्लासाची लाज वाटली. पण त्या हशाची जी वाटली, ती आजही अंगावरून उतरत नाही. अपमान त्यांनी केला. गोड मी करून दिला.

लातूर तेव्हा नवा जिल्हा. पाट्यांचा रंग ओला. जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून त्यावर नवं घातलेलं, आणि ऊन पडलं की खालचं नाव वर डोकवायचं. गावभर एकच बोलणं: आता कचेऱ्या येणार, खुर्च्या येणार, आणि ज्याला संगणक येतो त्याला खुर्ची. माझं गाव मुखेड तालुक्यात. तिकडं पाऊस नाही, पेरणी नाही. आई-बाप रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होते आणि बारावी पास झालेला मी त्यांच्या शेजारी बसून खडी फोडत होतो. लातूरच्या मावशीनं निरोप धाडला, "लेकराला हिकडं पाठवा. हातोडा सुटू द्या त्याचा." मावशी सरकारी दवाखान्यात आया होती. आमच्या वस्तीतल्या तिच्या दोन खोल्यांत मी राहायला आलो. क्लासची फी भरली. पूर्ण. इतर पोरांइतकीच. हे मुद्दाम सांगतो. पुढचं सगळं फुकट शिकणाऱ्या पोराच्या वाट्याला आलं, असं कुणाला वाटायला नको.

क्लास म्हणजे एका दुकानावरची खोली. दोन संगणक. काळा पडदा, हिरवी अक्षरं. खिडक्या झाकलेल्या, उदबत्ती लावलेली. बसण्याआधी पोरं की-बोर्डला हात लावून तो कपाळाला लावायची. मीही लावायचो. एका मशीनवर दोघं. एकानं अर्धा तास बसायचं, दुसऱ्यानं मागं उभं राहून बघायचं, मग अदलाबदल. माझा जोडीदार शिवा, अडत दुकानदाराचा मुलगा. पोरगा चांगला होता. त्याचा नंबर आधी, माझा नंतर.

आणि नेमका माझा नंबर आला की कूलर कोरडा पडायचा.

पहिल्यांदा सरांनी गोडीत विचारलं होतं. "तुमच्या वस्तीतला हापसा अजून चालू आहे म्हणे?"

"हाव, सर." नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. आमच्या हापशाला मात्र पाणी होतं, लोखंडाच्या वासाचं का होईना.

"मग आणतोस का जरा? संगणकाला उष्णता चालत नाही."

मला आनंद झाला. खरंच झाला. एवढ्या पोरांतून सरांनी माझ्याकडं मागितलं! सायकलला दोन कॅन अडकवून मी शीळ घालत निघालो. हापशावर रांगेत थांबा, हापसा, भरा, परत या, कूलरमध्ये ओता. तोवर माझा अर्धा तास गेलेला. शिवाच पुन्हा बसलेला. दुसऱ्या दिवशी तसंच. मग रोज.

एवढी वर्षं संगणकाच्या धंद्यात काढल्यावर आज सांगतो, त्या उन्हाळ्यात ते मशीन गरमीनं एकदाही बंद पडलं नाही. गरमी सरांना होत होती.

आणखी एक सांगतो. संगणक बघून येत नाही. लोक मला विचारतात, पोराला कुठला कोर्स लावू, कुठले व्हिडिओ दाखवू. मी म्हणतो, बोटं चालू द्या त्याची. चुकू द्या. मशीनसमोर बसून चुकत राहणं, एवढंच या विद्येत शिक्षण आहे. बाकी सगळी उदबत्ती. मागं उभं राहिल्यावर तुम्हाला मुख्यतः दुसऱ्याची मान दिसते. शिवाची मान मी आजही गर्दीत ओळखीन.

मावशी रोज विचारायची, "काय शिकलास रे आज?" मी काहीतरी ठोकून द्यायचो. मग ती हापशावर बायकांना सांगायची, "आमचं लेकरू कंपुटर शिकून राहिलंय." बायका माझ्याकडं बघायच्या. मी हंड्याकडं.

शेठ येऊन गेले त्या संध्याकाळी हापशावर मी ग्लासाची गोष्टही रंगवली. शेठची बैठक, सरांची चाल, कूलरचं घटाघटा. बायका हंडे खाली ठेवून हसल्या. मावशी हसली नाही. तिनं हापशाचा दांडा धरून ठेवला.

"ग्लास तू दिलास का त्यानं घेतला?"

"घेतला."

"आन् कूलरात वतला?"

"हाव."

"मंग त्या कूलरचं वारं कुनाच्या अंगाला लागतंय?"

"सगळ्यायच्या."

"आन् वाऱ्यानं कुनी बाटलं न्हाई?"

आता बायका खऱ्या हसल्या. पार वाकून. एक जण म्हणाली, "माय माय! सगळा क्लास बाटवून आलं की गं पोरगं!"

मला हसता येईना. मी रोज दोन कॅन पाणी नेत होतो आणि त्यातला एक घोट कधी कुणी प्यायला नव्हता. हे मला दिसलं नव्हतं? की मी बघितलं नव्हतं? कान तापले. नक्कल करायला गाल फुगवले आणि तसेच सोडून दिले.

मावशीनं दांडा सोडला. हळूच विचारलं, "तुझा नंबर कवा असतोय रे तिथं?"

मी दांडा धरला आणि हापसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी शिवाचा अर्धा तास संपला. तो उठला, मी बसलो.

सर म्हणाले, "कूलर बघ रे."

"माझा नंबर हाय, सर."

"घेशील नंतर. आधी पाणी."

मी की-बोर्डकडं बघत राहिलो. त्या दिवशी हात कपाळाला लावला नाही. टाईप करायला लागलो.

एक प्रोग्राम मी मनात कधीचा घोकला होता. सगळी पोरं पहिल्या दिवशी करतात तो. दोन ओळींचा. पहिलीत आपलं नाव घालायचं, दुसरीत यंत्राला सांगायचं की पुन्हा पहिल्या ओळीवर जा. मग पडदाभर आपलंच नाव, वर सरकत राहतं, थांबत नाही. मी माझं पूर्ण नाव घातलं. आडनावासकट. एकेक अक्षर हुडकत. खडी फोडून जाड झालेली बोटं, एकाखाली दोन बटणं यायची. कूलर गरम वारं फेकायला लागला. मागून शिवा पुटपुटला, "ऊठ ना बे, लई गरम होऊलालंय."

प्रोग्राम चालवला.

पडदा कोरा.

चूकसुद्धा दाखवेना. मी लिहिलेल्या ओळी वर सरकून गेल्या आणि काळोख राहिला. यंत्र चालू होतं, अडत नव्हतं, आणि दाखवत काहीच नव्हतं.

कारण आज माहीत आहे. नावाआधी दुहेरी अवतरणचिन्ह लागतं. त्यासाठी शिफ्ट दाबून धरायचं आणि मग ते बटण दाबायचं. शिफ्टवर करंगळी असते आणि मागं उभ्या असलेल्याला करंगळी दिसत नाही. मी नुसतं बटण दाबलं. एकेरी चिन्ह पडलं. एकेरी चिन्हापुढं जे असेल ते वाचायचंच नाही, असा त्या यंत्राचा नियम. त्यानं माझं नाव इमानदारीनं वगळलं होतं. लोक म्हणतात, यंत्राला जात कळत नाही. खरं आहे. पण यंत्रासमोर कोण बसणार आणि पाण्याला कोण जाणार, हे यंत्र ठरवत नाही.

पोरं खिदळली. सर मागं येऊन उभे राहिले. पडदा बघितला. म्हणाले, "बघा. याचं नाव कॉम्प्युटरलासुद्धा नको आहे. ऊठ. पाणी आण."

हशा. आणि माझ्या ओठांवर विनोद आला. तयार, तुकतुकीत. चांगला होता, अजून आठवतो, सांगणार नाही. तो टाकला असता तर सगळे आणखी हसले असते, मी उठलो असतो, कॅन उचलले असते आणि दुपार सुखात गेली असती. मी तो गिळला.

"उठणार न्हाई," म्हणालो. "माझा नंबर संपला न्हाई."

"मशीन जळेल."

"जळू द्या."

सरांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा मिटला.

मी बसून राहिलो. विझलेल्या काचेत माझं घामेजलेलं तोंड दिसत होतं आणि मागं सगळ्या पोरांची तोंडं. सर म्हणाले, "किती वेळ बसणार आहेस?"

"नंबर संपस्तोवर."

मला त्या वेळी शूरवीर झाल्यासारखं वाटलं, असं कृपा करून समजू नका. लाज वाटत होती. माझं नाव आलं नव्हतं आणि ते सगळ्यांनी बघितलं होतं. मला येत नव्हतं. इतके दिवस क्लासला जाऊन मला साधं नाव लिहिता येत नव्हतं. त्या लाजेसकट बसलो.

शिवा माझ्या रोजच्या जागी, खुर्चीमागं उभा होता. तो वाकला आणि कानाशी म्हणाला, "शिफ्ट दाबाव लागतंय बे. करंगळीनं."

मी बंद की-बोर्डवर करंगळी ठेवली. दाबून धरली. माझं नाव पुन्हा पूर्ण टाईप केलं. कुठं उमटलं नाही. बोटांना कळलं.

घड्याळात वेळ संपली तेव्हा उठलो. सरांनी दारातच सांगितलं, "उद्यापासून यायचं नाही."

ऐकून मावशी घाबरली. वाऱ्यानं कुणी बाटलं का विचारणारी तीच मावशी. "असं करू नको रे बाबा. उद्या जा, पाय धर त्याचे. माज त्याचा हाय, शिक्षन आपलं हाय. आईनं खडी फोडून धाडलंय तुला."

तिचं चुकत नव्हतं. शिक्षण सोडलं असं म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

"शिकनार हाय, मावशे. मागं उभं राहून न्हाई शिकनार."

"मंग कुठं शिकशील?"

"म्हाईत न्हाई."

खरंच माहीत नव्हतं. मी परत खडीवर गेलो. का आलो ते सांगितलं तेव्हा आईचा हातोडा थांबला नाही. ते मला सरांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. पुढं नांदेडला टायपिंग शिकलो, मग बऱ्याच उशिरा संगणक. उशिरा नोकरी. माझ्याहून लहान पोरं माझे साहेब झाली. गेलेला वेळ भरून येतो असं मी कुणाला सांगणार नाही. येत नाही.

आज पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. अलीकडं आमच्या टीममध्ये कंधारकडची, म्हणजे माझ्याच मुलखातली, एक मुलगी आली. नव्या सॉफ्टवेअरचा एक भाग लिहायला तिला घेतलं होतं. पहिल्याच बैठकीत एक साहेब म्हणाले, "तिला सध्या नुसतं बघू दे. बैठकीची टिपणं काढेल, चहापाण्याचं बघेल, हळूहळू शिकेल." ती हसली. मोठ्यानं, गोड. सगळे खूश झाले.

ते हसू मी ओळखतो.

मी म्हणालो, "हे काम तिचं आहे. तीच करेल. आजपासून."

"गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकेल," साहेब म्हणाले.

"चुकू द्या."

खोली गार पडली. माझ्याकडं सगळे अशा नजरेनं बघत होते की आता मी काहीतरी गमतीचं बोलेन आणि ताण उतरवीन. मी बोललो नाही. यापुढंही बोलणार नाही. काम अडलं तर अडू दे. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. माझी नोकरी गेली तर तीही जाऊ दे. खुर्ची ज्याची आहे, त्याला माझ्यादेखत कुणी उठवणार नाही.