दोशाच्या तव्यावर इंजिनचं तेल

आमच्या अप्पांनी विलायतेला परत निघालेल्या एका दोरैची जुनी मोटार विकत घेतली. दोरै म्हणजे तंजावुरात गोरा साहेब. अप्पा कचेरीत शिरस्तेदार होते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून कचेरी इतकी जवळ, की मोटार खोकून, शिंकून तयार होईपर्यंत उतरायची वेळ यायची. चालत गेलात तर लवकर पोचाल, असं मी एकदा बोलून गेले आणि आठवडाभर माझं पुढच्या सीटवर बसणं बंद झालं.

पुढची सीट म्हणजे ड्रायव्हरशेजारची. ड्रायव्हर पन्नाशीचा तमिळ माणूस, मिशा मोठ्या आणि आवाज लहान. भोंग्याचा रबरी फुगा तो मला दाबू द्यायचा, आणि कुणी रागावलं तर स्वतःच दाबला म्हणून सांगायचा. अशा माणसावर माझा जीव असणारच.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं तेल पाहायची सळई इंजिनातून ओढून काढली, तर तिला चांगली दाट, दुधाची कॉफी लागलेली! नुसती साखर घालायची बाकी. त्यानं ते तेल काढून टाकलं, नवं भरलं. दहा दिवसांनी पुन्हा कॉफी. इंजिन तर असं कण्हायला लागलं, की गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका त्याला काढा सुचवू लागल्या.

अप्पांनी निकाल देऊन टाकला. डब्यातलं चांगलं तेल हा ड्रायव्हर बाहेर विकतो आणि भेसळीचं इंजिनात घालतो. "शुक्रवारपासून यायला नको," असं त्यांनी त्याला तोंडावर सांगितलं. तो मान खाली घालून "बरं सामी" म्हणाला. मला इतका संताप आला, की मी जेवले नाही. म्हणजे भात जेवले नाही. पुरणपोळी होती, ती खाल्ली.

अम्मा मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. घाण्यावरून तिळाचं तेल आलं की ती आधी तापल्या तव्यावर एक थेंब टाकायची. तडतडलं, की तेलात पाणी आहे म्हणून तेलवाल्याला दारातूनच परत पाठवायची. बुधवारी तिनं दोशाचा जुना तवा परसातल्या चुलीवर चढवला आणि मला सांगितलं, "जा, डब्यांतलें एक चमचा घेऊन ये. इंजिनांतलेंही एक चमचा."

"अगे, इंजिन म्हणजे दोसा नव्हे!" अप्पा ओरडले.

"तेल तें तेलच कीं," अम्मा म्हणाली.

डब्यातल्या तेलाचा थेंब पडला, पसरला, मुकाट्यानं धूर सोडू लागला. इंजिनातला थेंब पडला मात्र, फोडणीत मोहरी उडावी तसा तडतड उडून अप्पांच्या धुतल्या धोतरावर बसला. अम्मानं निदान केलं, "डब्यांतलें शुद्ध अहे. इंजिनांत कुणी पाणी घालतोय."

"तोच घालत असणार," अप्पा धोतर चोळत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून अम्मा मला घेऊन परसात, पाट्यावरवंट्याजवळच्या भिंतीआड, शेंगा निवडत बसली. अप्पा पूजा आटोपून सोवळ्यात बाहेर आले, हातात पंचपात्री आणि पळी. ते रोज तुळशीला पाणी घालायला परसात येतात, अशीच आमची समजूत. तुळशीला पाणी घातलं, आणि मग स्वारी वळली ती परसातच उभ्या असलेल्या मोटारीकडे. तोंडानं मंत्र पुटपुटत त्यांनी इंजिनचं झाकण उघडलं, तेल ओतायच्या तोंडावरचं टोपण काढलं आणि तीन पळ्या तीर्थ, वर एक तुळशीचं पान, आत सोडलं.

"हें काय चाललंय?" अम्मानं विचारलं. अप्पांच्या हातून पळी पडली.

"दोरैची गाडी. त्याच्या हाताखालीं हिच्या पोटांत काय काय गेलें असेल! शुद्ध नको करायला?"

"मग पाणी तुम्हीच घालत होतां तें!"

"पाणी नव्हे. तीर्थ."

"तव्यास तें कळत नाहीं," अम्मा म्हणाली.

तेवढ्यात ड्रायव्हर गाडी पुसायला आला. त्याचा शेवटचा दिवस. समोरचा देखावा पाहून तो परत फिरायला लागला, तशी मी त्याचा हात धरून सगळं ओरडून सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही. त्यानं कमरेची विड्याच्या पानांची पिशवी सोडली आणि आतून तेलानं काळी पडलेली तुळशीची पानं काढली. तेल बदलताना इंजिनच्या तोंडातल्या जाळीत सापडायची, म्हणाला.

"मग सांगितलं का नाहीस?" अप्पांनी तमिळमध्ये विचारलं.

"देवाचं तीर्थ आहे सामी. मी कसं नको म्हणू?"

पोटावर पाय येत होता, तरी गप्प राहिला होता! मला रडूच फुटलं. आयुष्यात अप्पांनी कुणाकडे 'चुकलं' म्हटल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं, तेव्हाही नाहीच ऐकलं. त्यांनी खाली वाकून पळी उचलली, पुसली, पंचपात्रीत बुडवली आणि ड्रायव्हरसमोर धरली. त्यानं गोंधळून ओंजळ पुढे केली.

"इतके दिवस भलत्याच तोंडात घातलं," अप्पा म्हणाले.

त्यानं तीर्थ घेतलं, ओला हात केसांवरून फिरवला, आणि मग पाना आणून ते टोपण असं आवळलं, की पुन्हा त्याच्याशिवाय कुणाला उघडता आलं नाही.