पप्पांचा बेंजो आणि माझं मेटल

मंडळी, आज सकाळी लालबागच्या आमच्या खोलीत जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे पप्पा तीस वर्षं बेंजो पार्टीत बेंजो वाजवतायत. मी मेटलवाला, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक ऐकणारा, म्हणून घरात कायम हेडफोन. आज हेडफोन बंद पडला आणि मी माझा लाडका अल्बम स्पीकरवर लावला. आता ओरडा बसणार, हे नक्की होतं.

जड गिटार, ड्रम, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा... सगळं एकदम थांबलं आणि एकटी आयरिश बासरी सुरू झाली. तीच धून मग व्हायोलिनने उचलली, मग सगळ्यांनी मिळून.

"परत लाव," पप्पा म्हणाले.

तिसऱ्या वेळी बेंजो त्यांच्या मांडीवर होता आणि धून जशीच्या तशी वाजत होती.

"अरे, विसर्जनाला आम्ही हेच करतो. आधी एकट्याने धून वाजवायची. लोकांच्या डोक्यात बसली, की मग ढोल-ताशे सुरू करायचे."

ज्यासाठी मी या अल्बमवर जीव टाकतो, ते लहानपणापासून माझ्याच घरात वाजत होतं!

"या बँडमध्ये बेंजोवर कोण आहे?"

"कोणीच नाही, पप्पा."

"मग कळव त्यांना. माणूस लालबागला आहे."