सिस्टरांच्या गाडीची मागची सीट

“गचका लागला?”

मान अर्धवट मागे वळवून आमच्या सिस्टर एवढंच विचारायच्या. मोटरसायकल चालवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, सगळी पुढे बघतात. या बाईंचं निम्मं लक्ष मागच्या सीटवर.

त्या रत्नागिरीकडच्या. सिल्वासात सरकारी नर्स म्हणून आल्या आणि आमच्याच चाळीत राहिल्या. मी खानदेशातून नवऱ्यामागे आलेली, गलोंड्याच्या कारखान्यातल्या पोरांसाठी खानावळ चालवायची. सिस्टर माझ्याकडेच जेवायच्या आणि आमटीत कोकम नाही म्हणून रोज कुरकुरायच्या. नव्वद साल अजून यायचं होतं, तेव्हाची गोष्ट.

रांधा गावापलीकडचे पाडे त्यांच्याकडे होते. डांबर संपलं की दगडगोट्यांची पायवाट, मध्ये ओहोळ. दवाखान्याची जीप डांबरावरच थांबायची. एकदा एका पहिलटकरीण पोरीला झोळीत घालून माणसं जीपकडे आणत होती. सिस्टर झोळीशेजारी चालत होत्या. जीप समोर दिसायला लागली, पण तोवर झोळीतलं कण्हणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटावर बसल्या. घास तसाच हातात.

“वहिनी, मी गाडी घेणार. डांबरावर पळेल आणि पाड्यावरही चढेल अशी.”

पोरं हसली. एक म्हणाला, “सिस्टर, मोपेड घ्या ना, लेडीज लोकांना बरी पडते.”

“आणि पेशंट कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?”

मग काय, परीक्षाच सुरू झाल्या. जो कोणी गाडी घेऊन जेवायला येईल, त्याचं जेवण होईतो त्याची गाडी सिस्टरांच्या ताब्यात. साडी खोचलेली, आत भावाची जुनी पँट. चालवायच्या त्या, मागे बसायची मी.

“मीच का हो?” मी विचारलं.

“चाळीत दुसरी कोण आहे नऊ महिन्यांच्या बाईएवढ्या वजनाची?”

बसले मग मागे.

पहिली एका सुपरवायझरची स्कूटर. डांबरावर लोण्यासारखी. ओहोळात मात्र तिची चिमुकली चाकं गोट्यांमध्ये रुतली आणि मी पाण्यात बसले. मग एका ठेकेदाराची भारी मोटरसायकल. तिची मागची सीट म्हणजे दिवाणखानाच. मी तर म्हटलं, हीच घ्या. सिस्टरांनी काय करावं? अंगणात ती गाडी हळूच आडवी केली! ठेकेदार भाकरी टाकून धावला, “अरे अरे बेन, शुं करो छो!” इकडे सिस्टर दोन्ही हातांनी ती उचलू बघतायत आणि गाडी हलत नाही.

“पाड्याच्या वाटेवर ही पडली तर कोण उचलेल, वहिनी? बाळंतीण?”

शेवटी वासोण्याकडचा एक जंगलरखवालदार त्याची गाडी घेऊन आला. हलकी, उंच, काटक; चिखल सीटखालपर्यंत उडालेला. आडवी केली, एका हिसक्यात उभी केली. सिस्टर खूश. आम्ही निघालो, आणि पायवाटेच्या पहिल्याच चढावर दोघी करवंदीच्या जाळीत.

मला वाटलं, गेली ही पण गाडी. सिस्टर काटे काढत माझ्याकडे बघत राहिल्या. मी गोल साडीतली, एका बाजूला पाय सोडून बसणारी. सगळा भार एकीकडे.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “पाड्यावरच्या बायका गुडघ्यापर्यंत लुगडं कसतात. त्या दोन्हीकडे पाय टाकून बसणार. तुमच्याकडे नऊवारी आहे?”

सासूबाईंचं लुगडं होतं ट्रंकेत. दुसऱ्या दिवशी मी कासोटा घालून मोटरसायकलवर बसले, तेव्हा अख्खी चाळ दारात. नवरा मात्र आत गेला. पण सांगते तुम्हाला, गाडी बकरीसारखी चढली!

“गचका लागला?”

“लागला. आणि कुठे ते विचारू नका.”

तशीच गाडी त्यांनी घेतली. मागची सीट उसवून तिच्यात काथ्या आणि स्पंज भरून घेतला, आणि मागे धरायला एक लोखंडी कडं वेल्डिंग करून घेतलं. मला पुन्हा फिरवून आणलं, मी “आता नाही लागत” म्हटलं, तेव्हाच गाडी पाड्यावर गेली.

पुढे एकदा ती माझ्या दारावरून दवाखान्याकडे जाताना मी पाहिली. मध्ये झोळीतल्या त्या पोरीची धाकटी बहीण, तिला घट्ट धरून मागे आई. वळणावर खड्डा होता. सिस्टरांनी मान वळवली, “गचका लागला?” पोरीनं दातांखालचा ओठ सोडला, “नाय बाय,” आणि पुन्हा धरला. संध्याकाळी सिस्टर आल्या, दोनदा भात घेतला. मुलगी झाली होती.

अशा किती जणी त्या सीटवरून आल्या, मी काही मोजल्या नाहीत. सगळ्यांचं उत्तर एकच, “नाय बाय.”

मग नव्वदनंतर कधीतरी बदली आली, दमणला. गाडी त्या रखवालदारानंच घेतली आणि जायच्या दिवशी तोच त्यांना बस स्टँडवर सोडायला आला. सिस्टर त्या सीटवर पहिल्यांदाच मागे बसल्या. माझ्या दारापुढच्या वळणावर तोच खड्डा. मी ओट्यावरून ओरडले, “सिस्टर, गचका लागला?”

त्यांनी गाडी थांबवायला लावली. चेहरा बघण्यासारखा. काथ्या कधीचाच बसून दगड झाला होता.

“कंबरडं मोडलं की हो! आणि इतक्या वर्षांत एकीनंही सांगितलं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही गाडी हळू केली असती,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. रखवालदारानं गाडी सुरू केली. सिस्टरांनी मागे हात नेऊन ते लोखंडी कडं चाचपलं, घट्ट धरलं, आणि पुढच्या वळणाआड जाईपर्यंत सोडलं नाही.