पंचवीस मिनिटांचा कॉम्प्युटर

श्रीनिवासराव सुलाख्यांचा कॉम्प्युटर दर रविवारी अकराच्या आत बंद पडायचा. साडेदहाला मेलबर्नहून त्यांच्या मुलीचा, पूजिताचा, व्हिडिओ कॉल यायचा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की पेटीतला पंखा ओरडायला लागायचा आणि मग पडदा काळा. मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. आधी पंखा ऐकू यायचा, मग काकांचं "अय्यो", आणि पाठोपाठ जिन्यावर चपला.

"तारम्मा, गेलं बघ परत," दारात उभं राहून ते सांगायचे. "पोरगी आत्ता कुठे बोलत होती. तय्यार घ्यायचं सोडून हे स्वतः बांधायला कुणी सांगितलं होतं की मला!"

कुणीच सांगितलं नव्हतं. उलट पूजिताने जाताना बजावलं होतं, अप्पा, लॅपटॉप घ्या, उगाच खटाटोप करू नका. पण ऐकतील ते काका कसले?

सुलाखे मूळचे रंगारी. किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आले ते काकांनाही नीट ठाऊक नाही, पण घरात अजून मराठीच चालते, निम्मी कन्नड मिसळून. आजोबा लाकडी ठशांनी कापड छापायचे. वडिलांनी जाळीवरची छपाई सुरू केली, आणि लष्कर मोहल्ल्यातल्या याच तळमजल्यावर काकांनी चाळीस वर्षं लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापल्या. जाळीच्या चौकटी, छपाईचं लांब टेबल, रंग ओढायची रबरी पट्टी, सगळं घरी केलेलं. अवजार बाजारातून तयार आणायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. कमलाक्षीकाकू छापलेलं दोरीवर वाळत घालायच्या. त्या गेल्या, पुढच्या वर्षी पूजिता परदेशी गेली, आणि काकांनी छापखान्याचं शटर खाली ओढलं. त्याच महिन्यात मी सांगलीहून बदली होऊन इथे आले.

हातांना काम नाही म्हणजे काय हे मी त्या वर्षी काकांकडे बघून शिकले. ते सकाळी शटर उघडायचे, टेबल पुसायचे आणि शटर पुन्हा बंद करायचे. त्यातच त्यांनी ठरवलं की पूजिताशी बोलायला कॉम्प्युटर हवा, कारण फोनवर तिचा चेहरा टिकलीएवढा दिसतो. आणि तो आपण बांधायचा.

बांधला कसा, तर सणासणाने. युगादीला, म्हणजे पाडव्याला, नुसती पेटी आणली. अक्षय तृतीयेला मदरबोर्ड, श्रावणात वरमहालक्ष्मीला पडदा, गणपतीला पंखा आणि बारीकसारीक, खंडेनवमीच्या आयुधपूजेला प्रोसेसर. प्रत्येक खोक्याला हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायचे. मी म्हटलं, "अहो काका, सगळं एकदम आणा, एकदम जोडा. काही बिघडलेलं निघालं तर परत तरी करता येईल!" ते म्हणाले, "तुम्हा सांगलीवाल्यांना फार घाई." विजयादशमीला जोडायला बसले, तेव्हा पेटी परत करायची मुदत केव्हाच सरली होती, आणि पेटीला पुढून वारा घ्यायला धड भोकंही नव्हती.

पण चालू झाला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर काका जिन्याखाली उभे, बोटं काळीराखाडी, चेहरा लहान पोरासारखा. त्या दिवशी मला त्यांनी जिलबी खायला घातली. आणि पहिल्याच रविवारी, पूजिता नव्या घराची खिडकी दाखवत असताना, मशीन बंद पडलं.

ते तीन वर्षं तसंच चाललं. माझं पोट दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर चालतं. मी सॉफ्टवेअर तपासते, आणि बिघडलेली वस्तू समोर असताना तिला हात न लावणं मला जमत नाही. दोनदा विचारलं, उघडून बघू का? दोन्ही वेळा काकांनी हात आडवा धरला. "आपण बांधलेलं आपणच उघडायचं." उघडायचे मात्र तेही नाहीत. नुसतं हळहळायचे. तय्यार घेतलं असतं तर. पोरीचं ऐकलं असतं तर. या सहा-सात महिन्यांच्या खुळापायी माझं पोरीशी बोलणं अर्धं राहतंय, तारम्मा. दर रविवारी तेच. शेवटी यंदाच्या अक्षय तृतीयेला मी त्यांना हाताला धरून दुकानात नेलं आणि लॅपटॉप घ्यायला लावला. शहाणपणा माझाच, हे आधी सांगून ठेवते.

लॅपटॉपच्या पहिल्या रविवारी काकांनी केसरीभात, म्हणजे आपला केशरी शिरा, केला आणि मला खाली बोलावलं. पूजिता पडद्यावर आली तेव्हा ते उठले आणि लॅपटॉप पूजेच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून घरभर हिंडले. तुळस दाखवली, छपाईचं टेबल दाखवलं, कमलाक्षीकाकूंची वाळवणाची दोरी दाखवली. तासाला पाच मिनिटं कमी, इतकं बोलणं झालं. "बघ मा," कॉल संपल्यावर ते मला म्हणाले, "तीन वर्षं वाया घालवली की मी!" मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या रविवारी अर्धा तास झाला. त्यानंतर मी लक्ष ठेवणं सोडलं, कारण आता वर काही ऐकूच यायचं नाही. ना पंखा, ना अय्यो, ना जिन्यावर चपला. काका वर यायचे थांबले. मी समजले, सुखात असतील.

जूनमधल्या एका रविवारी, त्यांनी बांधून दिलेल्या केसरीभाताचं भांडं परत द्यायला मी खाली गेले. कॉल चालू होता, म्हणून गुपचूप स्वयंपाकघरात उभी राहिले.

"ऊट आयता, अप्पा?" जेवण झालं का, हे पूजिता कन्नडातच विचारते. बाकीचं मराठीत.

"नाही मा, आत्ता साडेदहा झाले. तुझं?"

"झालं. तिथं पाऊस आहे काय?"

"थोडा थोडा. तिथं?"

"इथं थंडी."

"हो की."

मग कुणीच बोललं नाही. नवा लॅपटॉप मुळीच आवाज करत नाही. मी भांडं हातात धरून उभी. बऱ्याच वेळाने पूजिता म्हणाली, "अप्पा, मग... ठेवू?"

"ठेव मा, ठेव. कामं असतील."

मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

बाहेर आले तर काका बंद पडद्याकडे बघत बसलेले. मला पाहून म्हणाले, "नेट बरं नव्हतं वाटतं आज." आणि मी, चुका शोधणारी बाई, फटकन म्हणून गेले, "नेट तर छान होतं, काका." त्यांनी लॅपटॉप मिटला. मला जीभ चावावीशी वाटली.

विषय बदलावा म्हणून कोपऱ्यातल्या जुन्या मशीनकडे बोट दाखवून विचारलं, याचं काय करणार? काका म्हणाले, नरसीपूरला नेणार. त्यांच्या घरी झिजलेला ठसा जाळत नाहीत की विकत नाहीत. त्याची शेवटची एक छाप कापडावर घेतात आणि टी. नरसीपूरला कावेरी-कपिलेच्या संगमात सोडतात. आजोबांचे सगळे ठसे तिथेच गेले.

"काका, नदीत कॉम्प्युटर? पोलीस धरून नेतील तुम्हाला, आणि सोडवायला मला यावं लागेल!"

तेव्हा कुठे ते हसले. आमच्याकडे दूध घालायला नर्मदाबाई वरुणा गावाहून येतात, त्यांची नात तिथल्या शाळेत आहे. मी म्हटलं, मशीन मला द्या, दुरुस्त होत असेल तर त्या शाळेला देऊ. या वेळी काकांनी हात आडवा धरला नाही. मी पेटी उचलून वर आणली.

पुढच्या शनिवारी सकाळी उघडली. आत धूळ होती, पण फार नव्हती. तारा दोऱ्याने इतक्या नेटक्या बांधलेल्या की मला माझ्या कपाटाची लाज वाटली. मग प्रोसेसरवरचा पंखा काढला आणि हसावं की रडावं कळेना.

प्रोसेसर आणि पंखा यांच्यामध्ये एक राखाडी लेप लावावा लागतो. त्यातून आतली उष्णता पंख्याकडे जाते. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो, पंखा दाबला की तो आपला आपण पसरतो. काकांनी तो रंग समजून लावला होता. रबरी पट्टीने, कडेपासून कडेपर्यंत, एकसारखा. आणि एक हात देऊन थांबले नव्हते. छपाईत गडद रंगाला दोन हात देतात, पहिला वाळला की दुसरा. इथेही पहिला रात्रभर वाळवून त्यावर दुसरा दिला होता. जाड, कोरडा, सुंदर थर. त्याच्याखाली तो बिचारा प्रोसेसर तीन वर्षं गुदमरत होता.

मी लेप खरवडला, पुसला, नवा ठिपका दिला, मशीन चालू केलं आणि मुद्दाम त्याच्यावर व्हिडिओ लावून ठेवला. एक तास गेला. तीन तास गेले. पंखा नुसता गुणगुणत होता. मला इतका आनंद झाला की मी तशीच हात न धुता खाली धावले.

"काका, सापडलं! तुमचं मशीन चांगलं आहे. मुळात चांगलंच होतं! फक्त ते दोन हात. आता दिवसभर चालेल बघा. विकत घ्यायची काही गरजच नव्हती!"

मला वाटलं, उडी मारतील. ते खुर्चीत बसले होते, तसेच राहिले. मग म्हणाले, "पुसलास?"

"हो, सगळा."

"अय्यो." रविवारचं नव्हे, हळू.

मी समोर बसले. ते छपाईच्या टेबलावर बोट फिरवत होते.

"तारम्मा," ते म्हणाले, "तीन वर्षांत त्या पोरीने एकदाही फोन ठेवला नाही. तुटायचा. तिला ठेवावाच लागायचा नाही. तिला उठायचं होतं की अजून बसायचं होतं, मला कळायचंच नाही. मी म्हणायचो, बसली असती, मशीनच दरिद्री. आणि ती पण भराभर सांगायची, पंचवीस मिनिटंच आहेत म्हणून. अर्ध्यात तुटलं की पुढच्या रविवारी तीच विचारायची, अप्पा, काय सांगत होते मी? तिथून सुरू. आता वेळ किती पण आहे. अकरा मिनिटांत तिचं संपतं. माझं पण संपतं की. मग ती विचारते, ठेवू? मी काय म्हणू मा? नको ठेवू म्हणू?"

सांगलीला माझी आई आहे. गेल्या रविवारी तिच्याशी बोलताना सहाव्या मिनिटाला मी म्हणाले होते, ठेवते गं, मीटिंग आहे. रविवारी. आणि तीही म्हणाली होती, ठेव बाळा, कामं असतील. काकांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी नखातला लेप काढत बसले.

"शाळेला सांगून ठेवलंस काय?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"मग आण खाली."

मी पेटी खाली आणली. काकांनी कपाटातून सगळ्यात लहान रबरी पट्टी काढली, धोतराच्या टोकाने पुसली. माझ्याकडची लेपाची नळी मागून घेतली. चष्मा नाकावर सारून, श्वास रोखून, एका ओढीत पहिला हात दिला. इतका साफ हात मी कुणाचा पाहिला नाही. चाळीस वर्षांचं काम होतं ते. मी बघत राहिले. माझ्या नोकरीत मी हजारो चुका शोधल्या असतील, पण समजून-उमजून चूक परत जागेवर बसवताना पहिल्यांदाच हजर होते.

"आयतु," ते म्हणाले. झालं. "आज वाळू दे. दुसरा हात उद्या पहाटे."

नवा लॅपटॉप सोमवारी वरुणाच्या शाळेत गेला. काकांनी पूजिताला खरं तेच सांगितलं, की पोरांना दिला, आणि ती रागावली म्हणे. पुन्हा ते बांधलेलंच? तेच बंद पडणारं? मग तिच्या आईच्या नावाने दिलाय म्हटल्यावर निवळली.

त्यानंतरच्या रविवारी मी वर माझ्या आईला फोन लावला होता. काय काय विचारलं, शेजारच्यांचंसुद्धा. अकराला पाच कमी असताना खालचा पंखा ओरडायला लागला. पूजिताचा आवाज चढला, भराभर काहीतरी सांगत होती, कुणीतरी ऑफिसात काहीतरी केलेलं, काका मोठ्याने हसत होते. मग एकदम शांत. मग अय्यो. मग जिन्यावर चपला.

"तारम्मा, गेलं बघ परत. पोरगी आत्ता कुठे बोलत होती."

"काय करणार, काका," मी म्हटलं. "घरी बांधलेलं मशीन. तय्यार घ्यायला पाहिजे होतं."

"हो की," ते म्हणाले आणि आत येऊन बसले. मी चहा टाकला. पूजिताच्या ऑफिसात काय घडलं ते त्यांनी मला सांगितलं, अर्ध्यापर्यंत. पुढचं त्यांनाही रविवारीच कळणार होतं.