मुरलं की आटलं

सुप्याच्या एमआयडीसीत फवारणी पंपांचा एक कारखाना होता. प्रज्ञा भिंगारदिवे तिथं चाचणी विभागात लागली. विभाग म्हणजे काय, दोन खुर्च्या आणि एक खडखडती जीप. दुसऱ्या खुर्चीवर तिचे साहेब, रंगनाथ दातीर. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून आलेल्या प्रज्ञाला वाटलं होतं, मशिनवर काम मिळेल. दातीरांनी तिला पहिल्याच आठवड्यात काष्टीजवळच्या लिंबाच्या बागेत नेऊन बांधावर बसवलं.

"शिकवायला जायचं नाही. माणूस कुठं अडतो, तेवढं बघायचं."

बागेत चांगुणाबाई फवारणी करत होती. नवरा कानिफनाथ अंथरुणाला खिळलेला, म्हणून पंप तिच्या पाठीवर आलेला. ती वाकली की झाकणातून औषध गळायचं, पोलकं भिजायचं. दुपारी तिनं प्रज्ञाला आडोशाला नेऊन पाठ दाखवली. कातडी सोलवटली होती.

"गड्यांच्या पाठी बी अशाच हायेत," ती म्हणाली. "पन कुनाला दावायच्या?"

प्रज्ञानं ते दातीरांना सांगितलं. दातीर कारखान्याच्या मालकांशी भांडभांड भांडले आणि अखेर झाकण बदललं. रुंद तोंडाचं, आत रबरी वायसर बसवलेलं. ते लावून चांगुणाबाईनं अख्खी बाग फवारली तेव्हा तिची पाठ कोरडी राहिली. आपण कशासाठी नोकरी करतो, हे प्रज्ञाला त्या दिवशी कळलं.

सत्त्याण्णव साली संदीप मुळे मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता. दोघांना बसवून, चहा मागवून त्यांनी सांगितलं, "विभाग बंद करतोय. पण याला तुमचं यशच समजा. वापरणाऱ्याचा विचार आता ड्रॉइंग काढणारा प्रत्येक जण करतो. तुमचं काम सगळ्या कारखान्यात मुरलंय."

बाहेर आल्यावर दातीर म्हणाले, "मुरलं म्हणे! आटलंय ते. यांना आता त्यात गोडी राहिली नाही."

"पण सर, सगळेच शिकले असतील तर चांगलंच ना?"

"मग बांधावर कोण जाऊन बसणार, ते विचार त्यांना."

प्रज्ञानं विचारलं नाही. दातीर नोकरी सोडून जामखेडला, गावी निघून गेले. ती ड्रॉइंग विभागात गेली.

तिथं वृषाली नावाची नवी इंजिनिअर होती. हाताची पकड, खांद्याची उंची, हे सगळं ती पुण्याला कॉलेजात रीतसर विषय म्हणून शिकली होती. प्रज्ञाला हेवा वाटला आणि आनंदही झाला. संदीप साहेबांचं खरं असेल, असं तिला मनापासून वाटू लागलं.

मग खर्च वाचवायला झाकणाचं तोंड पुन्हा लहान केलं, आटे घट्ट केले. वृषालीच्या हाताच्या मापांच्या कोष्टकात ते बसत होतं. कारखान्याच्या आवारात साधं पाणी भरून, कोरड्या हातांनी चाचणी झाली. कुणालाच अडचण आली नाही.

"एकदा बागेत नेऊ या," प्रज्ञा मीटिंगमध्ये म्हणाली.

"मॅडम, तुमच्याकडूनच शिकलोय आम्ही," संदीप हसून म्हणाले. "आता विश्वास ठेवा की."

तिनं मान डोलावली.

थंडीत एका रविवारी ती काष्टीला गेली. चांगुणाबाई उंबऱ्यात बसली होती, उजव्या डोळ्यावर पट्टी. ओल्या, तेलकट हातांनी नव्या पंपाचं झाकण फिरेना, म्हणून तिनं ते दातात धरलं होतं. झटक्यात सुटलं, अर्धा भरलेला पंप कलंडला आणि औषध डोळ्यात गेलं. डोळा वाचला नाही.

"पयलं लई बरं हुतं, बाई," ती म्हणाली. "का बदाललं?"



सोमवारी तिनं कारखान्यात सगळं सांगितलं. वृषाली रडली. रुंद झाकण परत आलं. यापुढं चाचण्या शेतातच करायच्या, असंही ठरलं, पण जीप विकून टाकलेली होती, हंगामही उलटून गेला आणि विषय मागं पडला.

उन्हाळ्यात प्रज्ञा एसटीनं जामखेडला गेली. दातीरांनी पिठाची गिरणी टाकली होती. भुवयांवर पीठ साचलेलं. तिनं चांगुणाबाईचं नाव काढताच त्यांनी हात वर केला.

"नको. त्यातलं आता काही सांगू नकोस मला."

त्यांनी तिला चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत दोघं दुष्काळाबद्दल बोलले.