तारप्याच्या फेरीतली हाक

कुठंही बसण्याआधी ती तळहात जमिनीवर टेकवायची. मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायची आणि म्हणायची, "नाय. खेळा आता." मग पोरं श्वास सोडायची. खरं सांगायचं तर मीही सोडायचो.

तलासरीजवळच्या त्या पाड्यावर मी शिक्षक होतो आणि ती शाळेत खिचडी शिजवायची. दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर तिकडची जमीन हलायला लागली. आधी खालून घुर्र आवाज यायचा, मग भांडी वाजायची. मी देशावरचा माणूस. पहिल्याच धक्क्याला खुर्चीसकट आडवा झालो, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "गुरुजी, फणस पडावा तसे पडले तुमी!"

पण ती भ्यायलेली होती, आमच्यापेक्षा जास्त. तिची भीती जमिनीची नव्हती, माणसांची होती. एका मोठ्या धक्क्याच्या वेळी सगळा पाडा खळ्यावर, उघड्यावर होता आणि तरी सगळे घरांत धावले होते. कुणी कोंबड्या आणायला, कुणी रेशनकार्ड. शेजारणीच्या डोक्यात कौल पडलं, तिची जखम हिनंच धुतली होती. "भुई नाय मारत गुरुजी, घर मारतं," ती म्हणायची. "भायेर हाव तं भायेरच ऱ्हावा."

पोरं आयांचे पदर सोडेनात. शाळेत पट रिकामा. तेव्हा तिनंच काढलं, "जत्रा भरवू. फुकटची. ज्याला जो खेळ येतो तो त्यानं आणायचा."

आणि खरंच भरली हो! शाळेच्या मैदानात, भिंतींपासून लांब. म्हाताऱ्यांनी शिंदीच्या पानांच्या भिंगऱ्या करून दिल्या, बाया सागरगोटे खेळल्या, लगोरीत चेंडू माझ्याच पाठीत बसला. महिन्याभरात पहिल्यांदा पोरं मोठ्यानं हसत होती.

एकच माणूस आलं नाही. तिची सासू. तिचा नवरा बोटीवर खलाशी. त्यानं मैदानासमोर विटांचं घर बांधलं होतं. पाड्यातली कुडाची घरं हलली की झुलायची, ह्या पक्क्या घराच्या मात्र भिंतींना तडे गेले होते. "पोराचं पक्कं घर हाय, मी नाय निंघत," डोकरीचं एकच पालुपद. सकाळपासून सुनेनं तीनदा जाऊन विनवलं होतं.

दुपारी दुध्या भोपळ्याचा तो लांब तारपा फुंकला गेला आणि फेरी सुरू झाली. तुम्ही पाहिला असेल हा नाच. हातात हात गुंफून सगळे वाजवणाऱ्याभोवती फिरतात आणि तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही. नजर आत, वाजवणाऱ्यावर खिळलेली. पाय असे आपटत होते की मैदानच थरथरत होतं.

मी कडेला पाण्याच्या हंड्यांजवळ उभा होतो, शेजारी ती पोरांना पाणी देत होती. हंडे वाजले. नाचानं वाजले असतील असं वाटलं, तोच समोर तिच्या घराची कौलं घसरताना दिसली. माझ्या तोंडून शब्द फुटणार इतक्यात तिनं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"बोलू नका. धावतील."

आणि ती फेरीत घुसली. "काका, जोरात! अजून जोरात!" तारपा चढला, पाय चढले. फेरी फिरायची तसं एकदा तिचं घर तिच्यासमोर यायचं, एकदा पाठीमागे जायचं. समोर यायचं तेव्हा तिचा चेहरा मला बघवत नव्हता. दोन फेऱ्या ती नाचली. मग फेरीतून सुटली आणि चालत घराकडे निघाली. धावली नाही. मी मागोमाग गेलो.

डोकरी चुलीपाशी बसली होती. आजूबाजूला फुटकी कौलं, केसांत धूळ, गुडघ्यातून रक्त. जिवंत होती. तिनं सुनेकडे पाहिलं.

"हाक मारली मी. ऐकली नाय तू?"

मला वाटलं, ती तारप्याच्या आवाजाचं सांगेल. सहज खपलं असतं.

"ऐकली, आये," ती म्हणाली. खाली बसून पदरानं गुडघा पुसायला लागली. डोकरीनं पाय मागे ओढून घेतला.

पाऊस लागायच्या आत नवरा दोघींना डहाणूकडे किनाऱ्यावर घेऊन गेला. पुढं त्यांचं काय झालं, डोकरी सुनेशी पुन्हा बोलायला लागली की नाही, मला ठाऊक नाही. विचारायला जायचं धाडस मला झालं नाही.

ती हाक मी ऐकली नव्हती. ऐकली असती तर मी धावलो असतो, आणि माझ्यामागं सगळा पाडा.