मोशीचे बंद दार

शिवाजीनगरहून चाकणची एस.टी. सुटली, तेव्हा माझ्या पिशवीत रूथबाईंना दुसऱ्यांदा नापास करणारा अभिप्राय तयार होता. मी मिशनच्या गोऱ्या मंडळींना मराठी शिकवत असे. नवरा-बायको दोघे पास झाले, तरच कुटुंबाला खेड्यात राहू देत. कोणी दोनदा नापास झाले, की सगळ्यांची मायदेशी रवानगी. बाई, त्यांचे साहेब आणि पाच वर्षांची मुलगी एल्सी बरोबर होती. चाकणच्या बाजारात दोघांचे बोलणे पारखायचे, मग कागद मिशनला द्यायचा.

दापोडीचा पूल गेला, भोसरी गेली. रस्त्याकडेच्या ज्वारीत कारखान्यांसाठी मोजणीचे दगड रोवलेले दिसत होते. मोशीपाशी टायर फुटला. आम्ही पाणी शोधत गावात शिरलो.

अंगणात एक म्हातारा दोरी वळत होता. साहेबांनी मी घोटून घेतलेले वाक्य ऐकवले, "आपले नाव व गाव कळवण्याची कृपा करावी."

म्हातारा उठला, आत गेला आणि कडी लावली. शेजारचीही दारे मिटली. आतून म्हातारीचा आवाज आला, "मोजणीवालं आल्यात. सांगा, मालक घरात न्हाई."

साहेब माझ्याकडे पाहू लागले. वाक्यात एकही चूक नव्हती.

रूथबाई एल्सीला घेऊन उंबऱ्याशी टेकल्या. "आजी, आमी मोजणीचं न्हाई. गाडी बसलीया. पोरीला तहान लागली हाय, वाईच पानी द्या."

कडी निघाली. म्हातारीने त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "गोरी हायेस, पन सुनंपरीस बरी बोलतीस. ती तर बोलतच न्हाई."

मग पाण्यामागून भाकरी आली, माडगं (हुलग्याचे पातळ पेय) आले. माहेर कुठले, आई आहे का, सगळी चौकशी झाली. म्हातारा ओशाळून बाहेर आला आणि साहेबांना म्हणाला, "राव, बायकोकडं शिकवणी लावा."



आता लपवत नाही. बाईंचे मराठी कधीच वाईट नव्हते. बंगल्यावर माळवं (भाजीपाला) आणणाऱ्या दिघीच्या बाईकडून त्यांनी ते उचलले होते. मी पुस्तक उघडून वाट पाहत बसे. त्या मागच्या पायरीवर तिच्याशी हसत असत. तेच मला सलले. पहिल्या वर्षी मी 'भाषा गावंढळ' असे लिहून त्यांना नापास केले. दुसऱ्या दिवशी त्या वही घेऊन पुन्हा माझ्यापुढे बसल्या. नापास कोणी केले, ते मी त्यांना वर्षभर कळू दिले नाही.

चाकणला पोचलो तेव्हा बाजार उठला होता. परतीच्या गाडीत मी पिशवीतला तो कागद बाईंच्या हाती दिला. त्यांनी सावकाश वाचला.

"गेल्या सालीबी तुमीच लिवलं व्हतं, गुरुजी?"

"मीच."

"मग आता खरं लिवा."

मी लिहिले: 'बाई उत्तीर्ण. गेल्या वर्षीही होत्या. मी खोटे लिहिले.' मिशनने मला काढले. कुटुंब मोशीला राहायला गेले.

पेठेतले स्नेही अजून सुनावतात, मास्तर, तुम्ही भाषा बाटवलीत. बाटवली तर बाटवली. तुमची सोवळी भाषा घेऊन एकदा मोशीला जा, आणि कडी निघते का ते मला येऊन सांगा.